परीक्षा संपू नये म्हणून

आमच्या डिचोलीकडे काजूच्या बोंडूंचा वास आणि दहावीची हॉल तिकिटं एकाच सुमाराला येतात. माझ्या गावाहून, सर्वणहून, सकाळी मी बसथांब्याकडे चालत निघाले की वाटेवरच्या काजीच्या बागांतून तो वास नाकात शिरतो. गोड, आंबूस, डोकं जरा जड करणारा. लगेच समजतं की आता शाळेत पोरांची पोटं दुखायला लागणार. कुणाला उलट्या होणार, कुणाची झोप उडणार, कुणी नुसतंच बाकावर डोकं टेकून बसणार. माझ्या कामाचा हा सुगीचा काळ. तोंडाने सुगी म्हणते खरी, पण काळजात दरवर्षी धस्स होतं ते होतंच.

मी शाळांतून समुपदेशक म्हणून काम करते. आज हे वाक्य कुणालाही सांगितलं तर समोरचा मान डोलावतो. माझ्या खोलीला आता दार आहे, दारावर पाटी आहे, जनेलाला पडदा आहे. पालक आधी फोन करून वेळ मागतात. परवाच एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, समोरच्या कदेलीवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "टीचर, सायन्स की कॉमर्स, एवढं एकदाचं सांगून टाका. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही." मुलगा पंख्याकडे बघत होता.

"त्याला विचारलंत?" मी म्हटलं.

"त्याला काय विचारायचं? म्हणून तर तुमच्याकडे आलो!"

आता काय बोलायचं, सांगा! पूर्वी माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता म्हणून मी रडत होते, आता इतका विश्वास आहे की त्याचीच भीती वाटते. त्या दोघांना पाऊण तास बसवून घेतलं. मुलगा शेवटी बोलला, बाप जरा हिरमुसला, आणि ते गेल्यावर मी दार लोटून बसून राहिले. बाहेरून बोंडूंचा वास येत होता. मला रसिका आठवली, आणि ट्रक बंद पडले त्या वर्षीची ती परीक्षा.

तेव्हा मी या कामात नवीन होते. माझ्या वाट्याला बऱ्याच शाळा, प्रत्येक शाळेला आठवड्यातला एक दिवस. सुर्ल्याच्या बाजूच्या त्या शाळेत माझा वार गुरुवार, म्हणून तिथे मी 'गुरुवारची टीचर'. बसायला खेळाच्या सामानाची खोली. एका बाजूला फाटकी व्हॉलीबॉलची जाळी, दुसऱ्या बाजूला कॅरमचे बोर्ड, मध्ये मी. एखादं पोरगं आपल्या मनातलं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात धाडकन दार उघडून कुणीतरी ओरडायचं, "टीचर, बॉल!" झालं. मनातलं मनातच.

शिक्षकांनाही मी म्हणजे नक्की कोण ते उमगेना. कुणी रजेवर असलं की तो वर्ग माझ्याकडे. गणवेश तपासायला मी, स्नेहसंमेलनात पोरींना साड्या नेसवायला मी. "तुमचो विषय खंयचो?" असं एका शिक्षिकेने एकदा विचारलंही. पोरांनी मात्र बरोबर नाव शोधून काढलं होतं: रडोवपाची टीचर. माझ्या खोलीतून जो बाहेर येतो त्याचे डोळे लाल असतात, हे त्यांनी हेरलं होतं. मग खोलीत जाताना दिसलं की "पिसो जालो रे!" म्हणून वेड्यात काढून चिडवाचिडवी. म्हणून माझ्याकडे यायचं तर पोरं कॅरमचा स्ट्रायकर मागायच्या निमित्ताने यायची. मी मुकाट्याने स्ट्रायकर पुढे करायची आणि वाट बघायची.

घरी सासूबाईंना तर माझी नोकरी म्हणजे मोठं कोडंच. एकदा मिरच्यांचे देठ खुडता खुडता त्यांनी विचारलं, "दिसभर तूं करता तरी कितें गो?"

"आयकतां," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. "आयकपाचे पयशे दितात?" आणि मग इतक्या मनापासून हसल्या की मलाही हसू आवरेना. हसले खरी, पण रात्रभर तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. ऐकणं हे काम आहे, हे मला तरी कुठे पुरतं पटलं होतं?

तर ते वर्ष. खाणी बंद झाल्या त्यानंतरचा तो उन्हाळा. आमच्या भागात खनिजाच्या ट्रकांचा आवाज इतका अंगवळणी पडला होता की तो आवाज आहे हेच आम्ही विसरलो होतो. तो बंद पडला तेव्हा कानात दडे बसल्यासारखं झालं. सुर्ल्याच्या रस्त्यावरून बस जायची ती रिकाम्या रस्त्यावरून, सुसाट. दोन्ही बाजूंच्या झाडांवरची लाल धूळ पावसात धुऊन गेली होती ती पुन्हा बसलीच नव्हती. उभा जन्म तांबडी पाहिलेली झाडं हिरवीगार. मला ती बघून आनंद व्हायचा, आणि लगेच शेजारच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा बघून आनंदाची लाज वाटायची. धुळीने कंटाळलेली माणसं होती, तशीच त्या धुळीवर जगणारीही होती. बंद गाड्यांच्या टपांवर शेवग्याची फुलं पडून सुकत होती.

वर्गांतून मुलं कमी होत होती. जी सिंधुदुर्गातून आलेली कुटुंबं होती, दोडामार्ग, सावंतवाडीकडची, ती एकेक करून परतत होती. हजेरी घेताना शिक्षक एखाद्या नावाशी थांबायचे आणि वर्गातूनच उत्तर यायचं, "सर, तो गेलो." त्याला कुणी हसत नसे.

रसिका त्यांच्यातली. बाप शांताराम दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. मुलगी जन्मापासून सुर्ल्याची. अभ्यासात बरी, अक्षर तर मोत्यासारखं. अशी पोरगी सराव परीक्षेत कोरे पेपर देऊ लागली. हेडमास्तरांनी मला गाठलं. माणूस मनाने चांगला, पण शंभर टक्के निकालाचा ध्यास घेतलेला. म्हणाले, "टीचर, एक पिरियड घेवन तिका मातशी सारकी करात." जणू पोरगी म्हणजे नळ, आणि मी वॉशर बदलायला आलेली.

ती आली, स्ट्रायकर मागितला नाही, सरळ बसली. उजवा हात डाव्या हाताने धरलेला. "लिवक जायना," म्हणाली. "पेन धरलं की हात कापता." आणखी काही नाही. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या वेळी मी काही विचारलंच नाही. दोघी मिळून जाळीच्या गाठी सोडवत बसलो. बऱ्याच वेळाने, गाठीकडे बघतच, ती बोलली.

"टीचर, परीक्षा झाली की आमी गावाक जातलों. कायमची. बाबा म्हणत होते, हिची परीक्षा होवंदे, मगे निघूया." आणि गाठ ओढत म्हणाली, "परीक्षा झालीच नाय तर?"

एवढंच. एवढंसं वाक्य, पण त्यात सगळं होतं. गाव म्हणजे तिला चतुर्थीचे दोन दिवस. तिच्या मैत्रिणी, तिचा रस्ता, तिची शाळा, सगळं इकडे. आणि ते सगळं एका शेवटच्या पेपराच्या पलीकडे संपणार होतं. हात कापेल नाही तर काय करेल?

"कोणाक सांगू नकात," ती म्हणाली. "बाबांक तर नकोच. त्यांका आधीच खूप झाला हा."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

शब्द दिला, आणि इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. गावात कुणाची म्हैस व्याली ते दुसऱ्या वाड्याला दुपारपर्यंत कळतं, तिथे 'मला माहीत आहे पण सांगणार नाही' असं म्हणणारी बाई म्हणजे केवढी आगाऊ! हेडमास्तर दुखावले. "माझ्यापासून लपवायचं? मी काय परका?" शिक्षिका दोन गुरुवार माझ्याशी तुटक बोलल्या. शिकवलं होतं तसं मी सांगत राहिले की मुलीचा विश्वास आहे, तो मोडला तर उद्या कुणीच येणार नाही. मान कुणीच डोलावली नाही. रसिकाला मात्र मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, तू स्वतः घरी सांग. ती मान हलवायची, नाही.

आणि मग कळलं की रसिका परीक्षेलाच बसणार नाही. घरच्यांनीच ठरवलं होतं.

मी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. शांताराम कुणाच्या तरी बागेत काजी वेचायला गेलेला. रसिकाची आई दारात बोंडूंतून बिया पिळत बसली होती, हात चिकाने काळवंडलेले. तिने पदराला हात पुसला आणि रडायलाच लागली. मुलीचा हात कापतो म्हणजे काहीतरी बाधा असणार, असं शेजारणीने डोक्यात भरवलं. म्हणून ती सातेरीच्या देवळात प्रसाद लावायला गेली होती.

आमच्याकडे अजून मोठमोठे निर्णय देवीला विचारून होतात. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीला लावतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, ऑपरेशन, काहीही. हिने लेकीबद्दल विचारलं होतं, चेडवाक परीक्षेक बसवू काय? डावी पडली.

"देवी नाय म्हणता टीचर, मी काय करू? उद्या काय झाला तर?"

अंधश्रद्धा म्हणून चार शब्द ऐकवावेत, असं एक मन म्हणत होतं, आणि मला राग आला होता हेही खरं. परीक्षा चार दिवसांवर. वर्ष वाया गेलं की तिकडे गावात गेल्यावर या पोरीला पुन्हा दहावीला कोण बसवणार होतं? काजी वेचायला लावतील नाहीतर लग्नाचं बघतील. पण त्या बाईच्या काळ्या हातांकडे बघून माझ्याने बोलवेना. ती मुलीच्या जिवासाठी घाबरली होती. माझ्यासारखीच.

आणि मला एकदम दिसलं की देवीला प्रश्न आईने विचारला, मला प्रश्न हेडमास्तरांनी विचारला, शेजारणीने शेजारणीला विचारला. सगळे रसिकाबद्दल विचारत होते, आणि रसिकाला काय विचारायचंय ते कुणी विचारलंच नव्हतं.

"आपण पुन्हा जाऊया देवळात," मी म्हटलं. "मी येते. पण या वेळी देवीला रसिकानेच विचारायचं. परीक्षा तिची आहे."

आईने डोळे मोठे केले. मग हळूच म्हणाली, "तुमी येतास? तुमी मानतास?"

मी मानते की नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. "येते," एवढंच म्हटलं.

हेडमास्तरांना कळलं तेव्हा ते चक्क उभे राहिले. "सरकारी पगार घेवन तुमी कौल लावपाक वतात? अहो, आणि परत डावी पडली तर?" तर काय, ते मलाही माहीत नव्हतं. रसिकाला मी आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं गुपित माझ्याकडे आहे तसंच राहणार. देवीला काय विचारायचं ते तुझं तू ठरव. आई-बाबा तिथे असतील, हे लक्षात ठेवून ठरव."

सकाळची वेळ. देऊळ लहान, फरशी गार. गुरव घाईत होते, त्यांना पलीकडच्या वाड्यावर पूजा होती आणि फोन सारखा वाजत होता. शांताराम कामावर खाडा करून आला होता, धुतलेला शर्ट घालून खांबाला टेकून उभा. पाकळ्या लागल्या. गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "आई सातेरी, हें तुजें लेंकरूं तुज्या पांयांकडेन आयलां. ताच्या मनांत कितें आसा तें तूं जाणा..." आणि मागे वळून म्हणाले, "विचार गो बाये. भियेवं नाका."

रसिका मूर्तीकडे बघत राहिली. इतका वेळ, की गुरवांनी फोनकडे पाहिलं. मग ती बोलली, अगदी बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"देवी, माझी परीक्षा झाली की आमी गावाक जातलों. माका जावक नको. मगे मी परीक्षा दिव काय नको?"

आईच्या तोंडून "अगो बाय माझे!" एवढंच निघालं. पाकळ्या जिथल्या तिथे. आम्ही सगळे मूर्तीकडे डोळे लावून उभे. माझे हात नकळत जोडले गेले होते.

"थांबा गुरवांनू," शांताराम खांबापासून पुढे आला. "देवीक ह्या कित्याक विचारूक व्हया? ह्या माका ठावक असा."

तो मुलीसमोर उकिडवा बसला. ड्रायव्हर माणूस, आयुष्यभर मोठमोठ्याने बोलायची सवय, पण तेव्हा तिच्याएवढ्याच बारीक आवाजात बोलला.

"बाय, तू परीक्षा दिलंस काय आणि नाय दिलंस काय, आमका जावचाच लागतला. हय काम खय असा? गावसून काका तुजो फोन करता. कधी येतास, कधी येतास. मी काय सांगतंय म्हायत असा? चेडवाची परीक्षा असा. शेजारी विचारतत, तेंकापण ताच सांगतंय. खोलयेचो मालक विचारता, तेकापण ताच. तुज्या परीक्षेन आमका धाडूक नाय गो. तुज्या परीक्षेनच आमका हय ठेवलान." आणि मान खाली घालून म्हणाला, "माका पण ती संपाक नको होती."

रसिकाने बापाला असं बोलताना कधी ऐकलं नसावं. ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. आई रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली? रडोवपाची टीचर खरी, पण त्या दिवशी मी कुणाला रडवलं नव्हतं.

गुरवांचा मात्र खोळंबा झाला होता. "आनी प्रसाद?" त्यांनी विचारलं.

"ऱ्हवांदे," शांताराम म्हणाला. गुरवांनी स्वतःच्या हाताने पाकळ्या काढल्या, पुटपुटत, की लावलेला प्रसाद असा परत काढायची पाळी त्यांच्यावर जन्मात आली नव्हती. देवीला उगाच ताटकळत ठेवली म्हणून त्यांनी आमच्याकडून जादा नारळ फोडून घेतला.

हल्ली नव्या समुपदेशक मुली माझ्याबरोबर शिकायला येतात. हुशार, चटपटीत, आमच्यापेक्षा कितीतरी तयार. कुणी त्यांना विषय कोणता म्हणून विचारत नाही, त्यांना बसायला खोली शोधावी लागत नाही. त्यांतल्या एकीला हे सांगितलं तर म्हणाली, "मॅडम, पण मग यात तुम्ही नेमकं काय केलंत?" प्रश्न बरोबर होता. मी उपाय दिला नाही, कुणाला समजावलं नाही, कुटुंबाला सुर्ल्यात ठेवायची ताकद माझ्यात नव्हती. पोरीला जे बोलायचं होतं ते तिच्या तोंडून, तिच्या माणसांसमोर बाहेर येईपर्यंत मी तिथे उभी राहिले, दुसऱ्या कुणाला तिच्या वतीने बोलू दिलं नाही, स्वतःलाही नाही. पूर्वी आम्हाला कुणी विचारत नव्हतं तेव्हा हे सोपं होतं. आता सगळे विचारतात, उत्तर दे म्हणतात, आणि उत्तर देण्याचा मोह फार वाईट. पाटी लागली म्हणून आपण देवी झालो असं वाटायला वेळ लागत नाही, हे मी त्या मुलींना सांगते, आणि खरं तर स्वतःलाच सांगत असते.

रसिका परीक्षेला बसली. पहिल्या पेपराला हात कापलाच. असं एका दिवसात काही जात नाही. अर्धा पेपर लिहिला, म्हणाली. दुसऱ्याला त्याहून जास्त. शांताराम रोज तिला डिचोलीला केंद्रावर घेऊन यायचा आणि फाटकासमोरच्या झाडाखाली पेपर सुटेपर्यंत बसून राहायचा. त्याच्या काजी कोण वेचत होतं कोण जाणे.

शेवटच्या पेपराला माझा वार नसताना मी गेले. ऊन मी म्हणत होतं. घंटा झाली आणि पोरांचा लोंढा बाहेर आला, आरडाओरडा, कुणी पाण्याच्या बाटल्या एकमेकांवर उडवतंय, कुणी फाटकावरच चढलंय. आयांनी आपापली पोरं ओढून नेली. बसेस भरून गेल्या. रसिका नाही. शांताराम उठून फाटकापाशी आला. माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांच्याही मनात नको नको ते आलं.

मग ती आली. एकटी, सावकाश, बोटांना शाई लागलेली. शेवटच्या क्षणापर्यंत लिहीत होती, पर्यवेक्षकांनी पेपर हातातून काढून घेतला, म्हणाली.

बापाने पेपर कसा गेला ते विचारलं नाही. तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "पेपर संपलो?"

"संपलो, बाबा," ती म्हणाली.

बस समोर उभी होती. कंडक्टर हाका मारत होता. दोघांनीही ती बस जाऊ दिली.